मागल्या कांचेखालचा आवाज

यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टि बहुधा यंत्राच्या हृदयाकडे जाते. मोटारीचा इतिहास म्हटला कीं इंजिन, गिअर, टायर, आणि फार झालें तर त्या गाड्या तयार करणाऱ्या धनाढ्य पुरुषांचीं चरित्रें, एवढ्यावर त्याची मर्यादा संपते. गाडीच्या आयुष्यांत जे भाग दोनदोन, तीनतीन वेळां बदलले जातात, जे झिजतात, कुजतात, फाटतात आणि मुकाट्यानें कचऱ्यांत जातात, त्यांची दखल घेण्यास कोणास सवड नसते. अशा उपेक्षित भागांपैकींच एक म्हणजे मोटारीच्या मागल्या कांचेखालच्या फळींत बसविलेली स्पीकरांची जोडी. तीस-चाळीस वर्षांची जुनी गाडी ज्यानें हौसेनें बाळगली आहे, त्याला या जोडीशीं एक दिवस सामना करावाच लागतो. आवाज प्रथम चिरका होतो, मग फडफडूं लागतो, आणि जाळी काढून पाहावें तों आंत कागदाच्या चिंध्या व काळा भुगा एवढेंच हातीं लागतें. मग तो नवी जोडी आणावयास निघतो आणि त्याला एकामागून एक कोडीं पडूं लागतात. हें भोंक वाटोळें नसून लांबट कां? जुन्या स्पीकरावर १० ओहम असें छापलें आहे, दुकानांत तर सारे ४ ओहमचेच मिळतात, हें कसें? आणि मुळांत गाणें ऐकणाऱ्याच्या पाठीमागें स्पीकर ठेवण्याची बुद्धि झाली कोणास? या प्रश्नांचीं उत्तरें कारागिरीच्या पुस्तकांत अर्धींच सांपडतात. उरलेलीं अर्धीं इतिहासांत शोधावीं लागतात.

स्पीकराचें तत्त्व साधें आहे. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें हलकें वेटोळें टांगावयाचें, त्यांतून आवाजाबरहुकूम कमीजास्त होणारा विजेचा प्रवाह सोडावयाचा, आणि वेटोळें पुढेंमागें हालूं लागलें कीं त्याला चिकटविलेल्या पडद्याकडून हवा हालवून घ्यावयाची. ही कल्पना जर्मनींत वेर्नर सीमेन्स यानें १८७० च्या दशकांतच नोंदविली होती, आणि इंग्लंडांत ऑलिव्हर लॉज यानें १८९८ त तिचें पेटंटही घेतलें होतें. परंतु क्षीण प्रवाह बळकट करून देणारें साधन तेव्हां हातीं नसल्यामुळें ती कागदावरच राहिली. तिला व्यवहारांत आणण्याचें श्रेय डेन्मार्कमधून अमेरिकेस गेलेला पीटर जेन्सन व त्याचा सहकारी एडविन प्रिडम यांच्याकडे जातें. कॅलिफोर्नियांतील नापा या गांवीं १९१५ सालीं या दोघांनीं तारेच्या वेटोळ्याला कर्णा जोडून मोकळ्या मैदानावर दूरवर ऐकूं जाईल असा आवाज काढला, आणि आपल्या यंत्रास मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे लॅटिन भाषेंत महावाणी, असें भारदस्त नांव दिलें. १९१९ च्या सप्टेंबरांत अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनीं सॅन डिएगो येथें सुमारें ५०,००० लोकांपुढें भाषण केलें, तें याच कर्ण्यांच्या साह्यानें. पुढें १९२५ त जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं कर्णा अजिबात काढून टाकला व त्याच्या जागीं कागदी शंकु बसविला. आज बाजारांत मिळणारे बहुतेक सारे स्पीकर या १९२५ च्या रचनेचेच वंशज आहेत. जेन्सनचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. या कथेच्या शेवटाकडे तें पुन्हां येणार आहे.

दिवाणखान्यांतला हा पाहुणा मोटारींत नेणें मात्र सोपें नव्हतें. मोटार ही आवाजाची वैरीण. इंजिनाची घरघर आणि टायरांचा सळसळाट यांची गोष्ट सोडली, तरी प्रत्येक ठिणगीसरशीं रेडिओंत जो कडकडाट उठे त्याला तोड नव्हती. कारण इंजिन पेटविणारी ठिणगी म्हणजे एक लहानसें प्रक्षेपण केंद्रच होय. शिवाय त्या काळच्या रेडिओचे व्हॉल्व्ह चालण्यास शंभराच्या वर व्होल्टांचा दाब लागे आणि गाडीच्या बॅटरींत होते अवघे सहा व्होल्ट. म्हणून आरंभींचे लोक गाडीच्या तळाशीं वेगळ्या बॅटऱ्यांचें ओझें घेऊन हिंडत. शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंच्या कारखान्यानें १९३० सालीं मोटोरोला या नांवाचा मोटारीचा रेडिओ विक्रीस आणला. त्या वर्षीं अटलांटिक सिटी येथें रेडिओ-उत्पादकांचें संमेलन भरलें असतां पॉल गॅल्व्हिन आपली स्टुडबेकर गाडी बाहेर उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाणें ऐकवीत बसला, अशी हकीकत त्या कंपनीच्या इतिहासांत सांगतात. हा रेडिओ ११० ते १३० डॉलरांस पडे, आणि त्या वेळीं अख्खी नवी फोर्ड गाडी ५००-६०० डॉलरांस मिळत असे. युरोपांत १९३२ त ब्लाउपुंक्ट कंपनीनें काढलेला पहिला मोटार-रेडिओ ४६५ मार्कांचा होता. अशी ही चैन. तिच्यामुळें हांकणाऱ्याचें चित्त विचलित होईल, या भीतीनें अमेरिकेंत कांहीं ठिकाणीं तिच्यावर बंदी घालण्याचीं बोलणींही झालीं. तीं अर्थातच टिकलीं नाहींत.

या पहिल्या पिढीचा स्पीकर कोठें असे? जेथें जागा मिळेल तेथें: डॅशबोर्डाच्या खालीं, कधीं रेडिओच्या पेटींतच, प्रवाशांच्या पायांकडे तोंड करून. त्यांतला चुंबकही बहुधा कायमचा नसे. बॅटरीच्या प्रवाहावर चालणारा विद्युच्चुंबक असे, आणि नुसतें मुकें बसण्याचीही तो वीज खाई. अ‍ॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रणाचे बळकट कायम चुंबक निघाले, तेव्हां स्पीकर हलका झाला, विजेच्या बाबतींत निर्लोभी झाला, आणि दोन तारा नेल्या म्हणजे गाडींत वाटेल तेथें टांगतां येऊं लागला. मागली फळी त्याला मोकळी झाली ती यामुळें.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत गाड्या लांबरुंद झाल्या. पुढच्या स्पीकराचा आवाज मागल्या आसनापर्यंत पोंचेना, तेव्हां १९५० च्या दशकांतल्या विक्रीच्या याद्यांत 'मागल्या आसनाचा स्पीकर' ही जादा पैशांची वस्तु दिसूं लागली. तिच्याबरोबर डॅशबोर्डावर एक लहानशी कळ येई. ती एका बाजूस फिरविली कीं आवाज पुढें, दुसऱ्या बाजूस फिरविली कीं मागें. दोहोंकडे गाणें एकच, कारण रेडिओ एकच सूर बोलत होता. या कळेंत त्या काळच्या कुटुंबाचें चित्र आहे असें आम्हांस वाटतें. मागें मुलें किंवा वडीलधारी मंडळी बसत. त्यांना काय व किती ऐकवावयाचें तें ठरविण्याचा अधिकार पुढें बसणाऱ्याच्या बोटांत होता. मागल्या प्रवाशास स्पीकर मिळाला, कळ मिळाली नाहीं.

गंमत अशी कीं ज्या सोयीसाठीं हा स्पीकर मागें गेला तिच्याहून निराळाच एक लाभ पदरांत पडला. शंकु पुढें सरकला कीं पुढली हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागली विरळ होते. स्पीकर उघडा धरला तर हे दोन परिणाम कडेवरून एकमेकांस भेटतात व खर्जाचे सूर परस्परांत जिरून जातात. म्हणून स्पीकराला फळी लागते, पेटी लागते. पुढची हवा व मागची हवा यांची ताटातूट करावी लागते. डॅशबोर्डांत ही ताटातूट कधींच नीट साधली नाहीं. तेथें तारा, नळ्या, घड्याळें यांची दाटी आणि सगळीकडे फटी. मागल्या फळीखालीं मात्र डिकीची प्रशस्त पोकळी आयतीच तयार होती. सामान ठेवण्यासाठीं केलेली ही जागा ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनें एक मोठी पेटीच ठरली, आणि पुढल्या स्पीकरानें कधीं न काढलेला खर्ज मागल्यानें सहज काढला. फळीची रुंदी थोडी, लांबी पुष्कळ. तेव्हां कागदाचें क्षेत्रफळ वाढवावयाचें तर शंकु लांबटच करावयास हवा. ६ इंच बाय ९ इंच हें लंबवर्तुळाकार माप असें रूढ झालें. त्यामागें संगीतापेक्षां सुताराचा हिशेब अधिक आहे.

१९६० नंतरच्या दशकांत एक चमत्कारिक प्रयोग झाला. रेडिओंतून मागें जाणारा आवाज वाटेंत बारीक स्प्रिंगांमधून फिरवून किंचित् उशिरा पोंचवावयाचा, म्हणजे ऐकणारास आपण मोठ्या सभागृहांत बसलों आहों असा भास होईल. मोटोरोलानें याला व्हायब्रासॉनिक असें नांव दिलें होतें. रस्ता गुळगुळीत असेतों ही युक्ति बरी. खड्डा लागला कीं स्प्रिंगा हादरत व मागल्या काचेखालीं भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा नाद होई. ही टूम लौकरच मागें पडली, आणि तिच्यासाठीं कोणी अश्रु ढाळलेले ऐकिवांत नाहींत.

खरें परिवर्तन झालें तें स्टीरिओमुळें. गॅल्व्हिनच्या पहिल्या रेडिओशीं ज्याचा संबंध आला होता तोच विल्यम लिअर १९६० च्या दशकाच्या मध्यास आठ पट्ट्यांची टेप घेऊन पुन्हां मोटारीकडे वळला; फोर्ड कंपनीनें १९६६ च्या गाड्यांत ती कारखान्यांतच बसवून दिली. फिलिप्सची लहान कॅसेट १९६३ त निघाली होती, ती १९६८ पासून मोटारींत आली. आतां डावा सूर वेगळा व उजवा वेगळा झाला. मागल्या फळीच्या मधोमध असलेला एकटा स्पीकर निरुपयोगी ठरून दोन्ही टोकांस दोन आले. शिवाय श्रोता बदलला. रेडिओ लावणारा गृहस्थ केंद्राकडून जें येईल तें ऐके. टेप लावणारा तरुण आपलें गाणें आपण निवडी व तें रस्त्यानें जाणाऱ्यासही ऐकूं जावें अशी इच्छा बाळगी. कारखान्यानें दिलेले स्वस्त कागदी स्पीकर काढून भारी स्पीकर बसविण्याचा मोठा धंदाच १९७० च्या दशकांत अमेरिकेंत उभा राहिला. त्यांत ज्या नांवांची चलती होती त्यांपैकीं एक होतें जेन्सन. पीटर जेन्सननें १९२७ त काढलेल्या कंपनीचें तें नांव. तो स्वतः १९६१ त वारला होता. पण ज्यानें सभा गाजविणारा कर्णा घडविला त्याचें नांव अखेर पोरांच्या गाड्यांच्या मागल्या फळीवर जाऊन बसलें.

तथापि त्याच सुमारास जाणत्यांच्या मनांत शंका उत्पन्न झाली. बैठकींत गवई श्रोत्यांसमोर बसतो. मोटारींत मात्र तो मानगुटीशीं बसून गात होता. पुढल्या दारांत चांगले स्पीकर बसविण्याकडे यंत्रज्ञांचा कल वळला. १९८३ च्या जनरल मोटर्सच्या कांहीं गाड्यांत बोस कंपनीनें त्या त्या गाडीच्या आंतल्या भागाचें माप घेऊन स्पीकर रचले, तेव्हांपासून मागल्या जोडीचें राज्य ओसरूं लागलें व ती पुढच्या सुरांची साथीदार होऊन राहिली.

आतां तिच्या मरणाविषयीं. मागल्या कांचेखालची जागा म्हणजे गाडींतला सर्वांत निर्दय कोपरा. ऊन तिरप्या कांचेतून थेट शंकूवर पडतें. कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि एखाद्या ढोलाच्या ठोक्यासरशीं फाटतो. पुढें शंकूच्या कांठास कागदाऐवजीं मऊ फोमची झालर लावूं लागले. तिच्यामुळें शंकु मोकळेपणीं हाले व खर्ज सुधारे, पण हें फोम हवेंतल्या ओलाव्यानें व उन्हानें आपोआप विघटित होतें. गाडी हाला अगर उभी ठेवा, पंधरा-वीस वर्षांत त्या झालरीचा बोटाला चिकटणारा भुगा होतो. हा दोष वापरणाराचा नसून त्या द्रव्याच्या जातीचा आहे. कोंकणपट्टींतल्या दमट हवेंत त्याला पंधरा वर्षेंही लागत नसतील तर नवल नाहीं. चुंबक, लोखंडी सांगाडा व वेटोळें मात्र बहुधा शाबूत राहतें. म्हणून जुनी झालर खरवडून तिच्या जागीं नवी चिकटविण्याची विद्या आज जगभर हौशी लोकांत प्रचलित आहे.

नवा स्पीकर बसविणारास इतिहासाची पहिली ठेंच लागते ती ओहमच्या आंकड्याशीं. ट्रॅन्झिस्टर मोटारींत नवे होते तेव्हां ते नाजूक होते. १९५५ च्या अखेरीस क्रायसलर व फिल्को यांनीं संपूर्ण ट्रॅन्झिस्टरचा पहिला मोटार-रेडिओ आणला, आणि लौकरच सर्वांनीं व्हॉल्व्ह टाकून दिले. जनरल मोटर्सच्या डेल्को रेडिओंत शेवटच्या ट्रॅन्झिस्टरवर फार भार पडूं नये म्हणून १० ओहमचे स्पीकर योजले होते, आणि ही प्रथा १९८० च्या दशकापर्यंत रेंगाळली. आतां त्या जागीं आजचा ४ ओहमचा स्पीकर जोडला तर अडथळा निम्म्याहून कमी होतो, प्रवाह तितकाच वाढतो, ट्रॅन्झिस्टर तापतो, आणि पन्नास वर्षें टिकलेला रेडिओ एका संध्याकाळींत राम म्हणतो. म्हणून जुना रेडिओ ठेवावयाचा असेल तर प्रथम जुन्या स्पीकराचा आंकडा पाहावा. आंकडा पुसला असेल तर मीटर लावावें. मीटर छापील आंकड्याहून थोडें कमीच दाखवितें, ४ च्या जागीं साडेतीन दिसले तर घाबरूं नये. तसेंच दोन्ही स्पीकरांच्या तारा सारख्याच दिशेनें जोडाव्या. एक उलट जोडला गेला तर दोघे एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात व नवी वस्तु जुनीहून निकृष्ट वाटूं लागते.

दुसरी ठेंच खोलीची. नव्या स्पीकराचा चुंबक पुष्कळदां जाड असतो, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत मागल्या फळीच्या नेमकें खालीं डिकीचें झांकण उचलून धरणाऱ्या पोलादी कांबी आडव्या गेलेल्या असतात. अशा वेळीं अधीर मनुष्य पत्रा कापावयास उठतो. येथें आम्ही आपलें मत स्पष्टच सांगतों: स्पीकर बदलावा, खुशाल बदलावा, पत्रा कापूं नये. कागदी शंकु नश्वर म्हणूनच जन्मास आला होता, त्याच्याविषयीं मूर्तिपूजकाची निष्ठा बाळगण्यांत अर्थ नाहीं. पण फळींतलें भोंक, त्याचें माप, त्याच्या कडेचीं स्क्रूचीं चार छिद्रें, हा त्या गाडीचा दस्तऐवज आहे. तो एकदां कापला कीं पुन्हां लिहितां येत नाहीं. आणखी एक गोष्ट. जुना कागदी स्पीकर वरचे बारीक सूर फारसे काढीत नसे, आणि मध्यम लहरींच्या रेडिओंत ते सूर नसतच. उलट वरच्या पट्टींत खरखर असे. दोघांची जोडी एकमेकांच्या उणिवा झांकून घेणारी होती. नवा, तीक्ष्ण सुरांचा स्पीकर जुन्या रेडिओस जोडला म्हणजे पहिल्यानें ऐकूं येते ती ही खरखर, आणि मालक बिचाऱ्या रेडिओला दोष देतो.

येथवर सांगितलें तें अमेरिकेचें. कारण कारखान्याचा मूळ स्पीकर ही कल्पनाच तिकडची. आपल्याकडे ती लागूं करतांना भलताच प्रश्न उभा राहतो. कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६४ पासून निघालेली फियाट ११०० डिलाइट व तीच १९७४ नंतर पद्मिनी झालेली गाडी, किंवा १९५८ पासून २०१४ पर्यंत बंगालांत उत्तरपाडा येथें होत राहिलेली अ‍ॅम्बॅसेडर, या बहुतेक कारखान्यांतून मुक्याच निघत. त्यांना वाचा देण्याचें काम बाजारांतला कारागीर करी. मुंबईंत लॅमिंग्टन रोडच्या आसपास रेडिओ, तारा, जाळ्या यांची दुकानें. तेथून सामान आणावयाचें आणि मोटारीच्या वायरिंगच्या मिस्त्रीपुढें गाडी उभी करावयाची. मिस्त्री मागल्या फळीवर खडूनें आंखून पात्यानें भोंक पाडी. मालकाचें मन भोंकास धजलें नाहीं तर लाकडी पेटींत घातलेले स्पीकर फळीवरच स्क्रूनें बसवी. १९८० च्या दशकांत कॅसेटी स्वस्त झाल्या आणि ही पेट्यांची जोडी टॅक्सींतही दिसूं लागली. मागलें दार वर उचलणाऱ्या लहान गाड्या आल्या तेव्हां तिच्या वाट्यास नवें संकट आलें: फळी सुटी, दर वेळीं उचलली जाणारी, तार तुटे, आणि खालची पोकळी बंद नसल्यामुळें खर्जही पळून जाई.

मग अशा गाडीचें 'मूळ' रूप कोणतें? पाश्चात्य संग्राहकांचा नियम असा कीं कारखान्यांतून गाडी ज्या अवस्थेंत बाहेर पडली ती खरी. तो नियम पद्मिनीस लावला तर फळींतलें भोंक बुजवून, रेडिओ काढून, तिला पुन्हां मुकी करावी लागेल. असें करणारे लोक आहेत. त्यांच्या निष्ठेचा आदर राखूनही आम्हांस हें मान्य नाहीं. त्या गाडींत विविध भारती ऐकली गेली, लग्नाची वऱ्हाडें गेलीं, पुण्याहून महाबळेश्वराकडे जातांना घाटांत आवाज खरखरत राहिला. तें सारें कारखान्यानंतरचें आहे. आणि तें घडवून आणणाऱ्या मिस्त्र्यांचीं नांवें कोणत्याही यादींत नाहींत. अमेरिकन गाडीचा स्पीकर हरवला तर त्याचा क्रमांक छापील पुस्तकांत सांपडतो. आपल्या मिस्त्रीनें हातानें पाडलेलें वेडेंवांकडें भोंक बुजवलें तर त्याच्या कामाचा तेवढाच पुरावा नाहींसा होतो. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ त कायमची गेली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळें २००३ त नोंदलेली शेवटची गाडीही बाद झाली. बहुतेक भंगारांत गेल्या, आणि त्यांबरोबर त्यांच्या मागल्या फळ्याही. ज्या थोड्या खासगी गाड्या राहिल्या आहेत त्यांच्या मालकांनीं स्पीकर बदलण्यापूर्वीं जुन्या फळीचें एक छायाचित्र काढून ठेवावें, भोंकाचें माप लिहून ठेवावें, आणि मिस्त्री हयात असेल तर त्याला चार प्रश्न विचारावे.

बाकी सामानाची अडचण नाहीं. आठ पट्ट्यांची टेप गेली, कॅसेट गेली, तबकडीही नव्या गाड्यांतून जवळजवळ गेली. परंतु ६ इंच बाय ९ इंचांचा लंबगोल स्पीकर अजून नवा तयार होतो आणि कोणत्याही बऱ्या दुकानांत मिळतो. प्रत्येक नव्या गाडींत त्याच्यासाठीं जागा असेलच असें नाहीं. जुन्या भोंकांसाठीं मात्र तो चालतो.